मेलेल्या माकडाची खबर गावातून का येत नाही? माकडतापाच्या पट्ट्यात काम करणाऱ्या एका कार्यकर्तीला उत्तर

आपण लिहिले आहे की सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांतील काही गावांत आपली संस्था गेले काही हंगाम माकडतापाविषयी, म्हणजे गोचीड चावल्याने माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाविषयी, जनजागृती करत आहे. पत्रके वाटून झाली, भिंती रंगवून झाल्या, शाळांत व्याख्याने झाली, गोचीड दूर ठेवणाऱ्या तेलाच्या बाटल्या घरोघर पोचल्या. तरीही रानात मेलेले माकड दिसले तर कोणी कळवत नाही, तेलाची बाटली फळीवर तशीच राहते आणि ताप आला की लोक तीन-चार दिवस अंगावर काढतात. लोकांना पटावे म्हणून आता आणखी काय सांगावे, असा आपला प्रश्न आहे. याच पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून माझी बरीच वर्षे गेली आहेत. गुरांच्या गोठ्यापासून काजूच्या बागेपर्यंत हा विषय मी जवळून पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते आपली अडचण सांगण्यात नाही. आपल्या गावांतील कोणत्याही जाणत्या माणसाला विचारले तर माकड मेले की ताप येतो, गोचीड चावू देऊ नये, एवढे तो सांगेल. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतरच्या हंगामात बांदा परिसरात लोकांनी हा ताप आपल्या घरात पाहिला आहे, तेव्हा हा विषय त्यांना परका नाही. अडचण पुढच्या टप्प्यावर आहे. माकड मेलेले पाहिल्यानंतर कोणाला कळवायचे, कळवल्यावर कोण येणार, येणाऱ्याने आपल्यालाच प्रश्न विचारले तर काय, आणि इतके करून आपल्या घराला उपयोग काय, या चार प्रश्नांची उत्तरे गावाला मिळालेली नसतात. त्यामुळे आणखी काय सांगावे हे ठरवण्याआधी, गावाने काही सांगितले तर आपण काय करतो, हे तपासावे असे मी सुचवीन.

यातल्या काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच स्पष्ट करते. ज्या गावात मागच्या काही वर्षांत रुग्ण सापडले आहेत तेथे एका पद्धतीने काम करावे लागते. जेथे फक्त शेजारच्या गावाची बातमी पोचली आहे तेथे तेच काम निष्कारण घबराट निर्माण करू शकते. स्वतःच्या बागेत काजू वेचणारे कुटुंब आणि दुसऱ्याच्या बागेत रोजंदारीवर वेचणारी बाई यांच्यासमोरचे पर्याय सारखे नाहीत. दोडामार्ग भागातल्या रबर आणि अननसाच्या बागांवर बाहेरून आलेले मजूर राहतात. त्यांच्यापर्यंत ना ग्रामसभा पोचते, ना मराठी पत्रक. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते आपापल्या गावाकडे पाहून कमीजास्त करावे.

आजाराची साखळी आपल्याला ठाऊक असेलच, पण कामाचे वेळापत्रक तिच्यावरच उभे असल्याने थोडक्यात मांडते. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा विषाणू शोधला. हा विषाणू रानातले उंदीर, चिचुंद्र्यांसारखे लहान प्राणी आणि गोचीड यांच्यात फिरत असतो. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड या दोघांनाही तो मारतो. माकड मेल्यावर त्याचे अंग थंड पडते, तशी त्याच्यावरची गोचिडे खाली उतरतात आणि त्या जागेच्या आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. तेथे वावरणाऱ्या माणसाला ती चावतात. माणसापासून माणसाला हा आजार होत नाही. अनेक वर्षे तो शिमोग्याच्या परिसरापुरता समजला जात असे. २०१२ पासून मात्र तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड अशा ठिकाणी आढळला, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात. सत्तरीतल्या रुग्णांमध्ये काजूच्या बागांत राबणारे लोक होते, हे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

आता वेळापत्रक पाहा. या गोचिडाची पूर्ण वाढलेली अवस्था पावसाळ्यात असते आणि ती प्रामुख्याने चरणाऱ्या गुरांच्या अंगावर जगते. पाऊस ओसरल्यावर अळ्या निघतात. त्या लहान प्राण्यांचे आणि माकडांचे रक्त पितात आणि डिसेंबर-जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यांची पुढची अवस्था, निंफ, पाचोळ्यात आणि खालच्या झुडपांत भरपूर असते. माणसाला चावते ती मुख्यतः हीच अवस्था, आणि ती मोहरीपेक्षाही लहान असल्याने अंगावर चटकन दिसत नाही. आपल्याकडे काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. बोंडू पिकून खाली पडतो आणि तो पाचोळ्यातून हाताने, बसून, सरकत सरकत वेचावा लागतो. म्हणजे निंफांचा काळ आणि काजूचा काळ नेमका एकच आहे. बहुतेक ठिकाणी जनजागृतीचा जोर फेब्रुवारीत, पहिला रुग्ण सापडल्यावर सुरू होतो. तोवर गुरांवरचे काम करण्याचा पावसाळा निघून गेलेला असतो आणि लोक बागांत उतरलेले असतात. गुरांचे काम जून ते ऑक्टोबर, गावातल्या बैठका ऑक्टोबर-नोव्हेंबर, तेल आणि कपड्यांची तयारी डिसेंबर, आणि जानेवारीपासून फक्त खबर आणि ताप यांच्यावर लक्ष, अशी वर्षाची आखणी मला योग्य वाटते.

मेलेल्या माकडाची खबर हा माझ्या दृष्टीने या सगळ्या कामाचा कणा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहिते.

लोक खबर देत नाहीत याची मी जी कारणे ऐकली आहेत त्यांत अज्ञान फार मागे येते. पहिले कारण भीतीचे. वानर आणि माकड यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चे संरक्षण आहे, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. काजू, नारळ, केळी यांचे माकडांकडून होणारे नुकसान सगळ्या गावाने सोसलेले असते. अशा वेळी आपल्याच बागेत माकड मेलेले आहे हे सांगायला गेलो तर ते आपणच मारले असा संशय येईल, पंचनामा होईल, जबाब द्यावा लागेल, ही भीती अगदी स्वाभाविक आहे. ती पत्रकाने जात नाही. वनक्षेत्रपालांनी स्वतः ग्रामसभेत उभे राहून, हंगामाच्या आधी, खबर देणाऱ्याला चौकशीचा त्रास होणार नाही असे सांगितले तर ती बरीच कमी होते. हे काम संस्थेने आपल्या तोंडून करण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याला ग्रामसभेपर्यंत आणण्यावर आपली शक्ती खर्च करावी.

दुसरे कारण, खबर दिल्यावर काहीच घडत नाही याचा अनुभव. आरोग्य उपकेंद्रात सांगितले तर ते म्हणतात प्राणी आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. दवाखाना म्हणतो वन्यप्राणी आहे, वनखात्याशिवाय हात लावता येत नाही. वनरक्षक आपल्या हद्दीच्या दुसऱ्या भागात, दुसऱ्या बीटवर असतो. प्रत्येकाचे म्हणणे नियमाने बरोबर असते, आणि तोवर दुपार होऊन शव कुजू लागते. कुजलेल्या शवातून तपासणीयोग्य नमुना मिळणे अवघड होते. एकदा असे झाले की तो माणूस पुन्हा सांगायला येत नाही आणि त्याची वाडीही येत नाही. म्हणून गावासाठी एकच माणूस आणि एकच फोन क्रमांक असावा. तो कोणाचा, हे गावाने ठरवावे. कोठे आशाताईंवर लोकांचा विश्वास असतो, कोठे पोलीस पाटलांवर, कोठे दूध गोळा करणाऱ्या माणसावर. पुढचे तीन फोन करणे ही त्या व्यक्तीची जबाबदारी, खबर देणाऱ्याची नव्हे.

खबर आल्याच्या दिवशीच कोणीतरी त्या जागी गेले पाहिजे, मग त्या दिवशी शवविच्छेदन होवो वा न होवो. अधिकृत पथकाचे काम ठरलेले आहे. संरक्षक पोशाखात पशुवैद्यक नमुना घेतो, शव जाळले जाते आणि त्या जागेभोवती साधारण ५० फुटांच्या परिघात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकली जाते. पण गावाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते यानंतरचे. तपासणीचा निकाल गावात परत आला पाहिजे. आपण नमुना नेतो, तो पुण्याला किंवा अन्य प्रयोगशाळेत जातो आणि त्याचे पुढे काय झाले हे ज्याने खबर दिली त्याला कधीच कळत नाही, असे फार वेळा होते. निकाल काहीही असो, तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि खबर देणाऱ्याला भेटून सांगावा. माकडे विजेच्या तारेला चिकटून मरतात, कुत्र्यांच्या हल्ल्यात मरतात, विषबाधेने मरतात. प्रत्येक मृत्यू माकडतापाचा नसतो, आणि हे मोकळेपणाने सांगितले तर आपल्या बोलण्यावरचा विश्वास वाढतो. निकाल नकारात्मक आला तर 'खबर वाया गेली' असे कोणाला वाटू देऊ नये. ते माकड या तापाने मेलेले आढळले नाही, एवढे तरी त्या खबरीमुळे गावाला कळलेले असते.

तिसरे कारण श्रद्धेचे आहे आणि त्याकडे आरोग्याचे काम करणारे लोक सहसा अवघडून पाहतात. अनेक गावांत मेलेल्या वानराला मारुतीचे रूप मानून हळद-कुंकू, हार वाहून पुरले जाते. शवाला हात लावणे, ते उचलून नेणे, त्याच्याभोवती जमणे यात गोचीड अंगावर येण्याचा धोका खरा आहे. पण 'हे बंद करा' असे सांगितले की खबर येणेच बंद होते, कारण विधी तर लोक करणारच. त्याऐवजी गावच्या मानकऱ्यांशी आणि पुजाऱ्यांशी आधीच बोलावे. पथक आपले काम करेल, शव दहन करेल, आणि विधी लांबून, मोकळ्या जागेवर उभे राहून करता येतील, अशी तोडगारूपी पद्धत बहुतेक ठिकाणी मान्य होते. दहनही अंत्यसंस्कारच आहे, हे मानकऱ्यांच्या तोंडून आले की प्रश्न राहत नाही. मात्र ही बोलणी शव समोर असताना करू नयेत, ती हंगामाच्या आधी झालेली असावीत.

खबर देणाऱ्याला सांगायचे ते इतकेच असावे: जवळ जाऊ नका, हात लावू नका, मुले, कुत्री आणि गुरे तिकडे जाऊ देऊ नका, लांबूनच फोनवर फोटो काढा आणि ठरलेल्या माणसाला जागा सांगा. याहून लांब सूचना रानात कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता गुरांकडे वळते, कारण या भागात माणसाच्या आरोग्याविषयी बोलण्याचा सर्वांत मोकळा रस्ता गोठ्यातून जातो असा माझा अनुभव आहे. माणसाच्या तापाविषयी बोलायला गेले तर लोक तेवढ्यापुरते ऐकतात. गायीच्या अंगावरच्या गोचिडांविषयी बोलायला बसले तर बाई स्वतःहून आपल्या अडचणी सांगू लागते, कारण गोचिडांनी गाय खंगते, दूध घटते, वासरू दगावते. गुरे माकडतापाने आजारी पडत नाहीत, पण पूर्ण वाढलेल्या गोचिडांना रक्त पुरवून त्यांची संख्या वाढवण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की जंगल मोडून शेती आणि चराई वाढली तशी या गोचिडांना आणि पर्यायाने या आजाराला अनुकूल जागा तयार झाली. म्हणून पावसाळ्यात, चराईवरून परतणाऱ्या गुरांवरील गोचिडांचे नियंत्रण हे गुराच्याही हिताचे आहे आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या माणसाच्याही. हा दुहेरी फायदा शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडत नाही. पहिला फायदा तो दुधात पाहतो, दुसरा आपण त्याला जोडून दाखवायचा.

येथेच पर्यावरणाचा भाग येतो आणि तो बहुतेक मोहिमांत राहून जातो. गोचिडांवरची बरीचशी औषधे, विशेषतः डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी, मासे आणि पाण्यातल्या किड्यांना अत्यंत घातक आहेत. औषध लावलेले गुरू लगेच व्हाळात धुतले, किंवा फवारणीचा पंप ओहोळात विसळला, तर खालच्या वाडीतले मासे, खेकडे मरतात. माणसाला वाचवण्यासाठी केलेल्या कामाने त्याच्याच ताटातले अन्न जाते. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन सर्रास टोचण्याची सवयही वाढली आहे. ते दुभत्या गायीला देऊ नये आणि त्याचा अंश शेणात उतरून शेणकिड्यांचे नुकसान होते, हे गोपालकाला सांगितलेच पाहिजे. कोणत्या गुराला, कोणते औषध, किती प्रमाणात हे जवळच्या पशुवैद्यकानेच ठरवावे. संस्थेने औषधे वाटण्याच्या फंदात पडू नये, त्या दिवशी गुरे एकत्र आणण्याची आणि पशुधन पर्यवेक्षकांना वेळेवर बोलावण्याची व्यवस्था करावी. मॅलेथिऑनच्या भुकटीचेही तसेच. ती शवाच्या जागेपुरती, मर्यादित वापरायची वस्तू आहे. घाबरून संपूर्ण बागेत ती टाकण्याची मागणी गावातून येते आणि पुढारीही तिला दुजोरा देतात. काजूचा मोहोर कीटकांवर फळतो, आणि मोहोराच्या काळात बागभर कीटकनाशक टाकले तर मधमाश्या मरून पीकच घटते. हा मुद्दा बागायतदाराला फार लवकर पटतो.

गोठ्याशी जोडलेली दुसरी गोष्ट पातेऱ्याची. आपल्याकडे रानातून सुका पाला गोळा करून गोठ्यात अंथरतात, खताच्या खड्ड्यात टाकतात किंवा भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, साठवतात. हा पाला बहुधा घराच्या पडवीला लागून रचलेला असतो. कर्नाटकातील २०११-१२ च्या साथीच्या अभ्यासात घराच्या आवारात सुक्या पाल्याचे ढीग असणे हे आजाराच्या धोक्याशी जोडलेले आढळले होते. पण पाला आणू नका असे सांगणे व्यर्थ आहे, कारण त्याशिवाय खत होत नाही. आपण इतके सुचवू शकतो: ज्या बाजूला माकड मेल्याची खबर आहे तिकडून त्या हंगामात पाला आणू नये, शक्यतो पाला डिसेंबरच्या आधी आणून ठेवावा, ढीग घरापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब रचावा, आणि तो वाहणाऱ्याने डोक्यावर-खांद्यावर उघडा भारा घेण्याऐवजी जाड चादरीत बांधून आणावा. यातले काय जमेल हे प्रत्येक घर वेगळे ठरवेल, आणि ते तसे ठरू द्यावे.

तेलाविषयी आपण जरा निराश झालेल्या दिसता. डीएमपी किंवा डेपा हे गोचीड दूर ठेवणारे तेल उपयोगी आहे यात शंका नाही, पण मार्च-एप्रिलच्या उकाड्यात, घामाने भिजलेल्या अंगावर ते चिकट वाटते, घामाबरोबर ओघळते आणि पुन्हा लावावे लागते. काजू मोजून, किलोवर मजुरी घेणारी बाई मध्येच काम थांबवून हातपाय पुसून तेल लावणार नाही, कारण तेवढा वेळ तिची मजुरी बुडते. येथे तिला समजावण्यापेक्षा बागमालकाशी बोलावे लागते. तेल बागेवर ठेवणे, सकाळी कामाआधी आणि दुपारच्या जेवणानंतर ते लावण्यासाठी वेळ देणे, बसायला पाचोळ्यावर नव्हे तर ताडपत्रीवर जागा करणे, हे मालकाच्या हातात आहे. काही मालक हे आनंदाने करतात, काहींना आजारी मजुरामुळे हंगाम कसा अडतो हे दाखवून द्यावे लागते. संध्याकाळी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवणे, गरम पाण्याने अंघोळ करणे आणि काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा, केसांची मुळे घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घेणे ही सवय तेलापेक्षा अधिक सहज रुजते, कारण ती घरात, कामाचा वेळ न मोडता होते. माझा भर तिच्यावर अधिक असतो. लसीविषयी लोक विचारतील. पूर्वी फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेली लस दिली जात असे, पण तिची परिणामकारकता घटल्याने तिचा वापर थांबवला गेला आणि नव्या लसीवर काम चालू आहे. म्हणून 'लस येईल तेव्हा पाहू' असा दिलासा कोणाला देऊ नये.

इथवरचे एका दृष्टीत: पावसाळ्यात गुरे, हंगामाआधी वनखात्याची ग्वाही आणि मानकऱ्यांशी बोलणी, हंगामात एक माणूस-एक क्रमांक आणि निकालाची परत खबर, घरी संध्याकाळची तपासणी. आता राहिला ताप.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकाएकी जोराचा ताप भरतो, कपाळ फुटेल असे डोके दुखते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात, काहींना उलट्या होतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. बहुतेक रुग्ण बरे होतात. १०० रुग्णांत साधारण ३ ते ५ दगावतात. नेमके औषध नाही, पण वेळेवर दाखल करून पाण्याचे प्रमाण, रक्तस्राव आणि रक्तदाब सांभाळला तर जीव वाचतो. आशाताईंनी आणि आपण दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. एक, अंग दुखते म्हणून खाजगी दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन घेऊ नये, कारण ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅकसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; ताप उतरवण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल पुरेसे असते. दोन, १० ते २० टक्के रुग्णांना आठवडा-दोन आठवडे बरे वाटल्यावर पुन्हा ताप येतो आणि त्या वेळी मान आखडणे, भ्रम, हात थरथरणे अशी मेंदूशी निगडित लक्षणे दिसतात. बरा झाला म्हणून बागेत परत गेलेला माणूस अशा वेळी घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो. तालुक्यातल्या खाजगी डॉक्टरांची डिसेंबरमध्ये एक बैठक घेऊन 'रानात गेला होता का, बागेत मेलेले माकड दिसले का' हे दोन प्रश्न त्यांच्या सवयीत आणणे हे माझ्या मते शंभर पत्रकांपेक्षा मोलाचे आहे. गावातले लोक पहिल्यांदा त्यांच्याकडेच जातात.

सीमेचा मुद्दाही विसरू नये. आपल्या भागातले गंभीर रुग्ण बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातात, मजूर सत्तरीत काम करून रात्री दोडामार्गला परततात, आणि माकडांच्या टोळ्या तिळारीच्या खोऱ्यातून कोणत्याही राज्याच्या हद्दीत जातात. रुग्णाची नोंद गोव्यात झाली आणि गावाला ती आठवड्याने कळली, तर त्या बाजूच्या बागांत माणसे तोवर वावरतच राहतात. संस्थेचे कार्यकर्ते दोन्हीकडच्या आरोग्य केंद्रांशी ओळख ठेवू शकतात. हे काम कोणत्याही एका खात्याच्या कर्मचाऱ्याला हद्दीमुळे अवघड जाते, आपल्याला तेवढे जात नाही.

एक चिंता मनापासून लिहिते. साथ आली की राग माकडांवर निघतो. त्यांना हाकलण्याची, मारण्याची, रानाला आग लावून 'सगळे साफ' करण्याची भाषा सुरू होते. माकड या आजाराचे पहिले बळी आहे आणि त्याच्या मरणामुळे आपल्याला आधी सावध होता येते, हे प्रत्येक बैठकीत स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माकडे हुसकली तर ती आपल्या अंगावरच्या गोचिडांसह दुसऱ्या वाडीच्या बागेत जातात. बागेतल्या पायवाटेवरचा आणि घराभोवतीचा पाचोळा झाडून मोकळा करणे वेगळे, आणि मार्चमध्ये डोंगराला वणवा लावणे वेगळे. वणव्याने काजूची कलमे जळतात, पाणी आटते आणि पुढच्या वर्षी मोकळ्या झालेल्या झुडपी कडेवर गुरे चरू लागली की गोचिडे पुन्हा वाढतात. पिकांच्या नुकसानीचा लोकांचा राग खोटा नाही, म्हणून नुकसानभरपाईचा अर्ज भरायला मदत करणे हेही मी याच कामाचा भाग मानते. ज्याला आपण या प्रश्नात एकटे सोडतो, तो माकडाची खबर आपल्याला देणार नाही.

शाळांतली व्याख्याने चालू ठेवावीत, पण मुलांना माकडाच्या शवाजवळ जाऊन पाहून येण्याचे काम अजिबात सोपवू नये. जत्रांत दशावताराच्या आधी दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली तर घ्यावी. तिथे नाव आणि क्रमांक सर्वांपर्यंत पोचतो, तेवढ्यासाठीच तिचा उपयोग करावा.

खात्यांना एकत्र कसे आणावे, असेही आपण विचारले आहे. मोठ्या समित्यांवर माझा फार भरवसा नाही. ग्रामपंचायतीत गावाचा हाताने काढलेला नकाशा ठेवावा आणि त्याच्याभोवती आशाताई, पशुधन पर्यवेक्षक, वनरक्षक, पोलीस पाटील आणि दोन बागायतदार यांना हंगामात दर पंधरवड्याला अर्धा तास बसवावे. नकाशावर माकड मेलेल्या जागा, ताप आलेली घरे आणि गुरे चरण्याच्या वाटा अशा तीन रंगांत खुणा कराव्यात. तीन खात्यांकडे अलगअलग पडलेली माहिती एका कागदावर आली की पुढच्या पंधरवड्यात कोणत्या बागेत जाऊ नये, हे त्या बैठकीतच ठरते. आपल्या कामाचे मोजमापही याच नकाशावरून करावे: खबर आल्यापासून जागी पोचायला किती वेळ लागला, ताप सुरू झाल्यापासून रुग्ण किती दिवसांनी दवाखान्यात आला, निकाल गावात परत सांगितला गेला की नाही. पत्रके किती वाटली, हा आकडा अहवालासाठी लागत असेल तर लिहावा, पण त्याच्यावरून काम चांगले चालले आहे असे समजू नये.

आणि यंदा सगळ्या गावांत एकदम हे सुरू करू नये. ज्या गावात पूर्वी रुग्ण झाले आहेत असे एकच गाव घ्यावे, तेथे ऑक्टोबरमध्ये वनक्षेत्रपालांची ग्रामसभा आणि मानकऱ्यांशी बोलणी करून घ्यावीत, क्रमांक ठरवावा. मग डिसेंबरच्या एखाद्या रविवारी, कोणाला आधी न सांगता, वाडीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला त्या क्रमांकावर फोन करायला सांगावे. फोन कोण उचलतो, तो पुढे कोणाला कळवतो आणि किती वेळात माणूस निघायला तयार होतो, हे लिहून ठेवावे. फोन घेणाऱ्याला ही तालीम होती हे त्याच दिवशी सांगावे, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. जानेवारी उजाडण्याआधी दुरुस्त करायच्या गोष्टी त्या एका फोनवरून आपल्याला कळतील. पुढच्या बैठकीचा विषय त्यावरूनच ठरवावा.